रूळ होते त्या वाटेवरून

रिचमंड हिल,
रविवार, १३ जून २०१०

चि. रवीस,
अनेक आशीर्वाद.

कासवीण अंडी घालताना तू कधी पाहिली आहेस का? मी काल पाहिली. सायकल गवतात आडवी टाकून, डांबराच्या कडेच्या खडीत उकिडवा बसून, चांगला पाऊण तास. परातीएवढी पाठ, आणि चेहऱ्यावर भाव असा, की गणिताचा पेपर चालू आहे, कुणी बोलू नका. मागच्या पायांनी खड्डा उकरत होती, तोही मागं न बघता. येणारे-जाणारे सायकलवाले घंटी न वाजवता वळसा घालून जात होते. एक बाई थांबून हळूच म्हणाली, "शी कम्स एव्हरी इयर." दर वर्षी हीच? आणि इथं रूळ होते, मालगाड्या धडधडत जायच्या, तेव्हाही हिची आई इथंच यायची? तुला विचारावंसं वाटलं. लहानपणीही असले प्रश्न मी तुलाच विचारायचो, पाच वर्षांनी मोठा असून.

तर हो, मी सायकल चालवतो. वय वर्षं त्र्याहत्तर. विनिपेगहून देवेश फोनवर ओरडतो, "डॅड, यू आर सेव्हन्टी-थ्री!" मी म्हणतो, ठाऊक आहे, माझ्या वाढदिवसाला मी हजर होतो. सायकल शेजारच्यांच्या जुन्या सामानाच्या गराज सेलमधली. पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो, आपल्या जोशी डॉक्टरांच्या सायकलसारखी. उमा गाडीच्या मागं ती बांधून देते, दीड तास गाडी चालवून मला जॉर्जियन बेच्या काठी सोडते आणि पुढच्या गावात टिम हॉर्टन्सच्या कॉफीच्या दुकानात सुडोकू घेऊन बसते. "अहो, तासाभरात दिसला नाहीत तर मी पोलिसांना नाही, देवेशला फोन करीन," ही तिची धमकी.

ही वाट म्हणजे जुनी रेल्वेलाइन आहे. रूळ उचलले, स्लीपर विकले आणि वर डांबर घातलं. मध्ये पिवळी तुटक रेघ. एका अंगाला पाणी, इतकं रुंद की पलीकडचं दिसत नाही; दुसऱ्या अंगाला मेपलची झाडी. आणि चढ जवळजवळ नाहीच. आगगाडीला चढ सोसत नाही म्हणून शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी टेकड्या कापल्या, घळी भरल्या, ते आज माझ्या गुडघ्यांच्या कामी येतं आहे.

गौरांगीचा फोन आला होता. आपल्या गावच्या छोट्या लाइनची उरलेली सकाळची फेरीही बंद करायची म्हणून वीस सप्टेंबरला सुनावणी आहे, आणि रेल्वेच्या फायलीत सगळ्यात वर माझा ८८ सालचा अहवाल आहे, असं ती म्हणाली. "काका, तो तुम्ही मागं घ्या." मी विचारलं, हे बाबांनी सांगायला सांगितलं का? म्हणाली, "बाबा तुमचं नाव घेत नाहीत, काका. पण तुमची दिवाळीची कार्डं ते टाकूनही देत नाहीत."

बावीस वर्षांत मी तुला बावीस भेटकार्डं पाठवली. पत्र हे पहिलंच. अहवालाचं मी बघतो. आकडे हे आकडे असतात, रवी. त्यात मागं घेण्यासारखं काय असतं, याचा विचार करतो आहे.

तुझ्या वहिनीचे, उमाचे, तुम्हा सगळ्यांना आशीर्वाद.

तुझा,
दादा


रविवार, ४ जुलै २०१०

चि. रवीस,
आशीर्वाद.

उत्तराची वाट पाहून लिहितो आहे असं समजू नकोस. एक गंमत सांगायची राहिली होती.

वाटेवर एके ठिकाणी झुडपात एक जुना खांब उभा आहे. त्यावर पांढऱ्या पाटीवर काळं इंग्रजी 'डब्ल्यू'. काल एक तरुण माणूस, मागं ट्रेलरमध्ये मुलगी बसवलेली, तिथं थांबून चहूकडं बघत होता. मी विचारलं, काय हरवलं? तर म्हणाला, "द वॉशरूम." बिचाऱ्यानं पाटी वाचून तीनशे मीटर झाडी धुंडाळली होती! मी त्याला सांगितलं की ही पाटी इंजिनाच्या ड्रायव्हरसाठी आहे: पुढं फाटक आहे, शिटी मार. मुलीनं लगेच तोंडानं शिटी मारली. मग आम्ही तिघांनी मारली.

आपण दोघं रुळांवरून शाळेला जायचो ते आठवतं का? स्लीपरचं अंतर कधी पावलाशी जुळायचं नाही. एक एक घ्यावा तर पावलं तोकडी, एक सोडून घ्यावा तर उडी. म्हणून पाठक गुरुजींनी स्वतः रचलेली ती आगगाडीची कविता आपण भुजंगप्रयातात म्हणत जायचो, म्हणजे पाय आपोआप पडायचे.

निघाली निघाली धुराची सखी ती
वळूनी वळूनी घराला बघे ती

पुढच्या ओळी मला येत नाहीत. तुला येत असणार. डांबरावर सायकलला ठेका लागत नाही, चाक नुसतं सुळकन् जातं. सध्याच्या कवितेसारखं, असं म्हणणार होतो, पण तू चिडशील. तू नव्या कवींच्या बाजूचा.

आणखी एक. 'डब्ल्यू'च्या पुढं जे फाटक होतं, तिथं एक घर आहे. बागेत वायरच्या खुर्चीवर एक म्हातारी बसते. नाव डॉरिस, वय चौऱ्याऐंशी. मला रोज... म्हणजे दर शनिवारी... हात करायची. काल हाक मारली.

"यू, विथ द बॅकवर्ड हेल्मेट!"

हेल्मेट मी उलटं घातलं होतं. तीन आठवडे. आणि उमानं मला एकदाही सांगितलं नाही. घरी आल्यावर विचारलं तर म्हणते, "मला वाटलं तुमची ती स्टाइल आहे."

डॉरिसनं रुबार्बच्या दांड्या दिल्या, आंबट, अंबाडीची आठवण करून देणाऱ्या. तिचा नवरा हॅरल्ड या लाइनीवर मुकादम होता; बारा मैल रूळ त्याच्या ताब्यात. पश्चिमेकडचा गहू जहाजांनी इथल्या बंदरात यायचा आणि इथून मालगाड्यांनी पुढं. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. बर्फात रूळ कसे मोकळे करायचे? एवढं धान्य सांडायचं, मग अस्वलं यायची का? यायची म्हणाली, आणि गाडी आली की मागच्या पायांवर उभी राहून बघायची.

मी रेल्वेत होतो हे तिला बोललो नाही. का, ते ठाऊक नाही.

तुला मात्र सांगतो. ही लाइन मला नवी नाही. ८७ साली ती बंद करावी का, हे ठरवणाऱ्या आमच्या कंपनीच्या तुकडीत मी होतो. शिफारशीवर सही माझी आहे. आणि आता बघ: माणसं फिरतात, मुली शिट्या मारतात, कासवीण निवांत अंडी घालते. बंद होणं म्हणजे नेहमी वाईटच असतं असं नाही, रवी. हे तू एकदा येऊन बघावंस.

दादा


रविवार, २५ जुलै २०१०

रवी,

मागचं पत्र गेलं त्याच दिवशी ते जायला नको होतं असं वाटलं. आता तीन आठवड्यांनी हे.

काल डॉरिसला सांगितलं. पाऊस आला म्हणून तिनं व्हरांड्यात बोलावलं, बटर टार्ट दिलं, आणि म्हणाली, "तू रुळांबद्दल जे विचारतोस ते रेल्वेवाला सोडून कुणी विचारत नाही. बोल." मग मी सांगितलं, की ही लाइन बंद करण्याचा अहवाल ज्यानं लिहिला तो मी.

मला वाटलं होतं टार्ट परत मागेल. ती हसायलाच लागली. "सो इट वॉज यू! हॅरल्ड म्हणायचा, एक भारतीय इंजिनिअर आला होता, फेब्रुवारीत, पायात ऑफिसचे बूट घालून."

खरं आहे. बूट तसेच होते. तळवे बधिर झाले होते आणि त्या माणसानं मला शेडमध्ये शेगडीपाशी बसवून स्वतःचे जाड मोजे दिले होते. माणूस आठवत होता, नाव विसरलो होतो. हॅरल्ड.

मी म्हटलं, त्याची नोकरी माझ्यामुळं गेली. ती म्हणाली, "तुझ्यामुळं नाही. ट्रक आले, जहाजं कमी झाली, आम्हाला काय दिसत नव्हतं? हॅरल्ड तुझ्यावर कधी रागावला नाही. उलट..."

ती आत गेली आणि एक पुठ्ठ्याची फाइल घेऊन आली. रवी, त्यात आमच्या अहवालाची प्रत होती. पान अकरा दुमडलेलं. त्यावर मीच लिहिलेलं होतं, की सेक्शनचे मुकादम यांनी लक्षात आणून दिलं आहे की फेब्रुवारीत बंदर गोठलेलं असतं, त्यामुळं या महिन्यातली वाघिणींची मोजणी ग्राह्य धरू नये. त्यानुसार जूनमध्ये पुन्हा मोजणी करण्यात आली. खाली हॅरल्डचं पूर्ण नाव.

जूनचा आकडाही कमीच निघाला होता. लाइन तरीही बंद झाली.

"पण तू त्याला विचारलंस," डॉरिस म्हणाली, "आणि त्यानं सांगितलेलं लिहिलंस. नावासकट. तो हे पान येईल त्याला दाखवायचा. माझ्या बहिणीला तर चार वेळा दाखवलं."

पाऊस थांबला तरी मी सायकलवर बसलो नाही. हातात धरून चालत गेलो, आठ किलोमीटर. उमा पार्किंग लॉटमध्ये गाडीबाहेर उभी होती, हातात फोन. "पंक्चर झाली का?" मी हो म्हटलं. तिनं दोन्ही टायर दाबून बघितले आणि सायकल गाडीच्या मागं बांधली.

हॅरल्ड माझा कुणी नव्हता. ते साल ८७. आपल्या लाइनची मोजणी मी केली ती त्यानंतर दीड वर्षांनी. म्हणजे कसं मोजायचं, कुणाला विचारायचं आणि काय लिहायचं, हे मला येत नव्हतं असं नाही.

आज इथंच थांबतो.

दादा


रविवार, १५ ऑगस्ट २०१०

चि. रवीस,
आशीर्वाद.

सुनावणीसाठी निवेदन तयार केलं आहे. गौरांगीला स्कॅन करून पाठवण्याआधी तुला कळवतो. मजकूर असा:

'सन १९८८ मध्ये मी जी प्रवासी-मोजणी केली, ती २८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या सहा दिवसांतली होती. हे दिवस पितृपक्षातले असल्याचं नंतर निदर्शनास आलं. या पंधरवड्यात लग्नं, सोयरिकी, बैलांची खरेदी, नवं कापड घेणं, काहीच होत नसल्यानं प्रवासी नेहमीपेक्षा पुष्कळ कमी असतात. सबब दर फेरीस सरासरी अडतीस प्रवासी हा आकडा वर्षभराचा समजण्यात येऊ नये.'

पुरेसं आहे ना? तोवर कॅनडात वीस वर्षं काढलेला माणूस मी. इथं पितृपक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरात असतो, रस्त्यात दिसत नाही. सप्टेंबरअखेर ऑफिसात रजा मिळाली, तिकिटं मोकळी होती, आलो. चूक होऊ शकते कुणाचीही.

हे मी उमाला वाचून दाखवलं. ८८ साली ती इथंच राहिली होती, देवेशची परीक्षा होती, त्यामुळं तिला तिकडचं फारसं माहीत नाही. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "नंतर निदर्शनास आलं म्हणजे कधी?"

"म्हणजे नंतर."

"गावात कुणीच बोललं नाही? सहा दिवस तुम्ही फलाटावर वही घेऊन बसलात, आणि पितृपक्षात कोण कुठं जातंय, असं एकही माणूस म्हणाला नाही? अहो, आपल्या गावात शिंकलं तरी चार जण मुहूर्त सांगतात."

मी कागदाची घडी घातली.

"रवीभाऊजी होते ना तुमच्याबरोबर?"

मी चहा ठेवायला उठलो. उमा म्हणाली, "त्रेचाळीस वर्षांत तुम्ही आपणहून चहा ठेवायला उठलात ते दोनदा. एकदा माझे वडील गेल्याची तार तुम्ही खिशात लपवली होती तेव्हा."

निवेदन अजून पाठवलेलं नाही.

दादा


रविवार, ५ सप्टेंबर २०१०

रवी,

आज सायकल नाही. पहाटेपासून टेबलाशी बसलो आहे. चार कागद फाडले. हा पाचवा.

तू मला सांगितलं होतंस.

पहिल्याच संध्याकाळी. फलाटावर कडुलिंबाखाली मी वही उघडली होती, तू शाळेतून तसाच आला होतास, बोटांना खडू. तू म्हणालास, "दादा, अरे पंधरवडा आहे. आत्ता कोण निघतंय घराबाहेर? घट बसू देत, मग मोज. नवरात्रात डब्याच्या टपावर माणसं असतात." मी म्हटलं, रजा सात तारखेपर्यंतच आहे. तू म्हणालास, "मग वाढव. मी वर्गातल्या पोरांना घेऊन मोजतो, तू सही कर." मी म्हटलं, बघू.

त्यानंतर मी काय केलं हे तुला माहीत नाही. चार तारखेला मी तालुक्याला जाऊन रेल्वेच्या साहेबांना भेटलो. तुला म्हणालो होतो, बँकेत चाललोय. साहेबांनी माझं कार्ड हातात धरून दोनदा वाचलं. उठून खुर्ची दिली. चहा आला, बशीत बिस्किटं. "तुमच्यासारख्या तज्ज्ञानं आकडा दिला की प्रश्नच मिटला." रवी, ज्या कचेरीच्या दारात आपले अण्णा टोपी काढून उभे राहायचे तिथं मला खुर्ची मिळाली होती. मी आकडा दिला. सहीसकट. अजून पितृपक्ष आहे, पुन्हा मोजावं लागेल, असं म्हणायला एक वाक्य लागलं असतं. मग मी साहेबांना अर्धवट काम घेऊन आलेला माणूस दिसलो असतो.

आणि मग सहा तारखेची सभा. शाळेच्या पटांगणात, गाडी वाचवायच्या समितीची. समितीचा चिटणीस तू. संध्याकाळची फेरी वाचावी म्हणून सगळ्या गावाला समजावून मला बोलावणारा तू. मी अडतीसचा आकडा वाचला तेव्हा तू उभा राहिलास आणि म्हणालास, "दादाला मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की हे दिवस धरू नको."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मला असं कुणी सांगितल्याचं आठवत नाही."

किती सभ्य वाक्य. इथल्या मीटिंगांत शिकलेलं. तू तसाच उभा राहिलास. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमची चूक भावावर कशाला ढकलता?" लोक हसले. तू माझ्याकडं बघत होतास. मी बोलेन म्हणून थांबला होतास. मी वहीचं पान उलटलं.

दिवाळीनंतर फेरी बंद झाली. गौरांगीनं मला पुढचं सांगितलं आहे, तू कधी सांगितलं नाहीस. सातवीनंतर तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या आठ मुली होत्या. संध्याकाळी परत यायला गाडीच नाही, तर पुढच्या जूनमध्ये दोनच गेल्या. त्यातली एक गौरांगी, तीही मामाकडं राहून. बाकीच्या सहा जणींच्या घरी तू एकेका संध्याकाळी जाऊन बसलास, आणि एकीच्या बापानं तुला विचारलं, "गाडी घालवलीत तुम्ही, आता पोरगी न्यायला आलात?" गाव तुला अजून 'गाडी घालवलेले मास्तर' म्हणतं. बावीस वर्षं. तू निवृत्त झालास तरी.

मुकादमाच्या मोज्यांची मी जाण ठेवली. तुझी नाही.

पहिलं निवेदन फाडलं. नवं सोबत जोडलं आहे. त्यात हे आहे:

'माझे बंधू श्री. रविकांत यांनी मोजणीच्या पहिल्याच दिवशी, दि. २८ सप्टेंबर १९८८ रोजी, हे दिवस ग्राह्य धरू नयेत असं मला स्पष्ट सांगितलं होतं. ते मला चांगलं आठवत होतं. तरीही सभेत मी ते नाकारलं. माझं ते बोलणं खोटं होतं आणि त्यांचं खरं. माझा अहवाल विश्वासार्ह नाही, कारण तो देणारा माणूस त्या दिवशी विश्वासार्ह नव्हता.'

गौरांगी म्हणाली, शेवटचं वाक्य कायद्याच्या दृष्टीनं लागत नाही. मी म्हटलं, राहू दे.

मूळ प्रत कुरिअरनं निघाली आहे. उमानं वाचली. वाचून झाल्यावर चष्मा पुसला. मग म्हणाली, "हे सांगायचं सोडून त्या माणसाला बावीस दिवाळ्या तुम्ही कार्डं पाठवलीत? मोरांची?"

तू हे सुनावणीत वापर किंवा वापरू नकोस. तुला पटेल तसं. मला क्षमा कर असं लिहिणार होतो, पण ते पुन्हा माझंच काम तुला सांगितल्यासारखं होईल.

दादा


रविवार, २६ सप्टेंबर २०१०

चि. रवीस,
अनेक आशीर्वाद.

काल पाहिलं तर सुमाकची झुडपं लाल झाली आहेत. सबंध वाटेच्या दोन्ही कडा पेटल्यासारख्या. पानांचा रंग आधी टोकाला बदलतो की देठाशी, हे बघायला मी चार ठिकाणी उतरलो. टोकाला. एक झुडूप मात्र देठाकडून लाल होत होतं. का, ते डॉरिसलाही सांगता आलं नाही. "तू फार प्रश्न विचारतोस," म्हणाली, आणि मग तिनंच विचारलं, "त्या भावाचं काय झालं?"

तेव्हा मला काही माहीत नव्हतं. सोमवारी सुनावणी झाली आणि शनिवार उजाडला तरी गौरांगीचा फोन नाही. उमा म्हणत होती, फोन करा. मी म्हणत होतो, तिलाच करू दे. आज सकाळी आला. तिनं सांगितलेलं तुलाच परत लिहून कळवणं वेड्यासारखं आहे, पण मी तिथं नव्हतो, आणि जे तुझ्याबाबतीत घडलं ते मी नीट ऐकलं आहे की नाही हे तू तपासावंस.

सुनावणी कचेरीत न घेता स्टेशनावर ठेवली होती, फलाटावर ताडपत्री टाकून. दोनअडीचशे माणसं होती. तू शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. माझं निवेदन गौरांगी वाचणार होती, पण सुनावणी घेणारे रेल्वेचे साहेब म्हणाले, नातेवाइकांनी नको. मग सकाळच्या गाडीच्या गार्डनं वाचलं. तो म्हणे सावकाश वाचतो, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. 'आणि त्यांचं खरं' तिथं तो थांबला आणि वर बघितलं.

वाचून झालं. साहेब म्हणाले, ठीक आहे, फायलीला लावा. तेव्हा तू मागून म्हणालास, "पुन्हा एकदा वाचा."

साहेब म्हणाले, "मास्तर, एकदा झालंय."

"मला ऐकू आलं नाही," तू म्हणालास.

गौरांगी म्हणते, बाबांचे कान ठणठणीत आहेत. ज्यांना तुझं म्हणणं कळलं ते खाली बघत होते. गार्डनं दुसऱ्यांदा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. या वेळी माणसं मान वळवून तुझ्याकडं बघत होती, म्हणे. तू कुणाकडंच बघत नव्हतास.

निकाल आहे तो असा, की ८८ सालचा आकडा बाद, आणि येत्या वैशाखात, लग्नसराईत, नव्यानं मोजणी. तोपर्यंत सकाळची फेरी चालू. वैशाखातला आकडा काय येईल कुणास ठाऊक. जीपगाड्या झाल्या आहेत, मोटरसायकली झाल्या आहेत. कदाचित तो खरोखरच कमी येईल, आणि मग लाइन जाईल. पण जाईल ती खऱ्या आकड्यावर.

मी गौरांगीला विचारलं, बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले का? ती म्हणाली, "घरी येईपर्यंत काही नाही. जेवताना नाही. झोपायला जाताना दारातून म्हणाले, वैशाखात मोजायला येतोय का विचार त्याला."

"आणि?"

"आणि म्हणाले, या वेळी वही माझ्याकडं राहील."

रवी, येतो. वही तुझ्याकडं.

दादा